‘मूनस्टोन’ वाचायला घेणाऱ्यास

पुणे

प्रिय मित्रा,

जुनी रहस्यकथा वाचायची म्हणतोस, तर विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’पासून सुरुवात कर. मूनस्टोन म्हणजे या कादंबरीत चोरीला जाणारा हिरा. अप्पा बळवंत चौकात प्रत घेताना आधी नीट चाळ. शंभर-सव्वाशे पानांची संक्षिप्त आवृत्ती घेऊ नकोस. संक्षेप करणारा सगळ्यात आधी गप्पांना कात्री लावतो, आणि या कादंबरीत धागेदोरे नेमके गप्पांतच दडवले आहेत. संपादकाची प्रस्तावना असेल तर ती शेवटी वाच. चोर कोण हे तिथे बऱ्याचदा आधीच सांगून टाकलेलं असतं.

दोन दिवसांत फडशा पाडायला जाऊ नकोस. १८६८ मध्ये ही कथा एका साप्ताहिकात ३२ हप्त्यांत आली. तेव्हाचे वाचक आठवडाभर तर्क लढवत बसायचे. तू रोज दोन-तीन प्रकरणं वाच. घरातला म्हातारा कारभारी बेटरेज सुरुवातीला फार रेंगाळतो, आणि आजचा वाचक कंटाळून इथेच पुस्तक मिटतो. तू चिकाटी धर. घरातली तरुण मुलगी रेचेल हिच्या वाढदिवसाच्या जेवणात कोणाचं कोणाशी वाजलं, ते तर सावकाश वाच.

शेजारी वही ठेव आणि तीन रकाने आख: सांगतंय कोण, स्वतः पाहिलं की ऐकीव, आणि वेळ. इथे निवेदक अनेक आहेत. त्या त्या वेळी आपल्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच लिहायचं, अशी त्यांना अट आहे. त्यामुळे खोटं न बोलताही माणूस दिशाभूल करू शकतो.

दारावरच्या रंगाचं उदाहरण घे. हिरा नाहीसा झाल्यावर रेचेलच्या खोलीच्या नव्याने रंगवलेल्या दारावर, कुलपाच्या जरा खाली, रंग फिसकटलेला दिसतो. सकाळी अकराला जमलेल्या मोलकरणींच्या घागऱ्यांनी तो पुसला असेल, असं म्हणून स्थानिक अधिकारी विषय संपवतो. तपासाला लंडनहून आलेला पोलिस सार्जंट कफ मात्र विचारतो, रंग कधी दिला आणि वाळायला किती वेळ लागतो? काम बुधवारी दुपारी तीनला संपलं, वाळायला बारा तास. म्हणजे गुरुवारी पहाटे तीनलाच रंग सुकला होता, घागरे आले त्याच्या आठ तास आधी. मध्यरात्री बारा वाजता तर दार स्वच्छ होतं. मग राहिले तीन तास, आणि रंग लागलेलं एक कापड. कफ पुढे धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची वही का मागतो, ते तुला आपोआप कळेल.

‘जो सगळ्यात साधा दिसतो तोच चोर’ हा हल्लीचा ठोकताळा इथे लावू नकोस. तसल्या कथांचे नियम लेखकांनी बरेच नंतर, १९२० च्या दशकात लिहून काढले. कफ हुशार आहे, पण तो म्हणतो म्हणून ते खरं धरू नकोस.

हिऱ्याची पहिली चोरी मात्र विसरू नकोस. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एक इंग्रज अधिकारी माणसं मारून तो बळकावतो. त्या चोरीचा तपास कोणताही कफ करत नाही. हिरा परत मिळवायला आलेल्या तीन ब्राह्मणांकडे घरातले लोक संशयाने बघतात. लेखकाने हे कुठे जाणूनबुजून दाखवलंय आणि कुठे त्याच्याच काळाचा पूर्वग्रह डोकावतोय, हे प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र तपासावं लागतं. सरसकट माफी नको, सरसकट निकालही नको.

कफ घर सोडून जातो तिथे दोन दिवस थांब. वहीत आपला संशयित लिही, आणि ज्या वाक्यामुळे संशय आला त्याचं पानही टिपून ठेव.