कार्यालयातील लिनक्स फोन-सर्व्हरला घरून जोडून सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या कशा तपासाव्यात?

तुम्ही विचारले आहे की घरून सर्व्हरला जोडून आवृत्त्या कशा पाहाव्यात, आणि वेब-पानावर दिसणारा आकडा पुरेसा असतो हे तुमच्या ठेकेदाराचे म्हणणे खरे आहे का. ते खरे नाही. हेच वाक्य मी दोन वर्षे ऐकले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कुडाळजवळच्या एका खासगी रुग्णालयाची संगणक-व्यवस्था मी पाहतो. तेथे ॲस्टेरिस्क (कॉल हाताळणारा मूळ प्रोग्राम) आणि त्यावर फ्रीपीबीएक्स (तो वेब-पानावरून चालवण्याचे सॉफ्टवेअर) असा फोन-सर्व्हर आहे. घाटावरच्या एका ठेकेदाराने मे महिन्यात ॲस्टेरिस्क 16 वरून 18 वर नेल्याचे सांगून बिल घेतले. जुलैत, मालवण आणि वेंगुर्ल्याहून येणाऱ्या डॉक्टरांना पावसातल्या अशक्त नेटवर्कवरही मोबाइलवरून नीट बोलता यावे म्हणून ओपस हा कोडेक, म्हणजे आवाज आकुंचित करून पाठवण्याची पद्धत, बसवायचा ठरला, कारण तो कमी बँडविड्थवर टिकतो. ॲस्टेरिस्कसाठी त्याचे मॉड्यूल (जोडायचा भाग) आवृत्तीनुसार वेगळे मिळते. आम्ही 18 चे आणले आणि ते काही केल्या लोड होईना. करूळ घाटात दरड आली होती, त्यामुळे ठेकेदाराचा माणूस येऊ शकत नव्हता. फोनवर मात्र त्याने ठामपणे सांगितले की पानावर सगळे नवे दिसते आहे, दोष तुमच्या इंटरनेटचा आहे.

रूटचा, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड त्यांनी आम्हाला कधीच दिला नव्हता. ‘तुमच्या हातून बिघडेल’ हे त्यांचे कायमचे उत्तर. शेवटी रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांनी स्वतः फोन केला, तेव्हा रात्री साडेनऊला पासवर्ड मिळाला. मी घरून व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग) लावून पुटी या प्रोग्रामने एसएसएच (दुरून आज्ञा देण्याची सुरक्षित जोडणी) जोडणी केली आणि ॲस्टेरिस्कचा कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याचा पडदा, उघडला. पडद्यावर वर, स्वामित्वहक्काच्या ओळीत 18 होते. काही ओळी खाली, ‘कनेक्टेड टू ॲस्टेरिस्क’ या शब्दांपुढे 16. वरचा आकडा डिस्कवर ठेवलेल्या प्रोग्रामचा असतो, तर खालचा प्रत्यक्ष चालू असलेल्या प्रक्रियेचा. ‘कोअर शो अपटाइम’ दिल्यावर 14 आठवडे दिसले, म्हणजे प्रक्रिया एप्रिलपासून अखंड चालू होती. मे महिन्यात फाइली बदलल्या, पण सेवा पुन्हा सुरू करायची राहिली. मी ‘कोअर रिस्टार्ट व्हेन कन्व्हीनियंट’ दिले, म्हणजे एकही कॉल चालू नसेल अशी वेळ येईपर्यंत ॲस्टेरिस्क वाट पाहते आणि मग स्वतः पुन्हा सुरू होते. रुग्णालयात चालू कॉल तोडणे मला मान्य नाही. पहाटेपर्यंत ओपस लोड झाले होते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: ॲस्टेरिस्कपुढे उणे चिन्ह व मोठा व्ही दिल्यास डिस्कवरची आवृत्ती कळते, कन्सोलमध्ये ‘कोअर शो व्हर्जन’ दिल्यास चालू असलेली, दोन्ही पाहा. फ्रीपीबीएक्सचा आकडा पूर्णपणे वेगळा असतो. फ्रीपीबीएक्स 16 म्हणजे ॲस्टेरिस्क 16 नव्हे, आणि पानावरचा 16 दाखवून गिऱ्हाइकाला गप्प करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. लिनक्सची आवृत्ती ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘ओएस-रिलीज’ फाइलमध्ये मिळेल. तेथे सेंटओएस 7 (लिनक्सचा एक प्रकार) निघाले तर त्याचा आधार 30 जून 2024 रोजी संपला आहे हे ठेकेदाराला लेखी कळवा.

आणि पासवर्ड मागून घ्या. सर्व्हर तुमच्या पैशाने आलेला आहे. लॉगिन मालकाकडे राहील असे कलम नसलेल्या देखभाल करारावर सही करू नका. मालकाच्या हातून बिघडेल ही भीती खरी असेल, तर आवृत्ती पाहण्यापुरते वेगळे खाते उघडून देणे काही अवघड काम नाही, आणि हे मी त्या ठेकेदाराला तेव्हाही सांगितले होते.

एक मात्र सांभाळा. घरून जोडता यावे म्हणून राउटरवर 22 क्रमांकाचे पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडू नका, कारण फोन-सर्व्हर हाती लागला की रातोरात परदेशी कॉल करून बिल तुमच्या नावावर चढवतात. आधी व्हीपीएन, मग एसएसएच, तेही पासवर्डऐवजी की (किल्लीसारखी ओळख पटवणारी फाइल) वापरून. आणि ॲस्टेरिस्क 16 वरून थेट 21 किंवा त्यापुढे जायचे असेल, तर फोन सर्व्हरला जोडणारे जुने ‘चॅन-सिप’ मॉड्यूल 21 पासून काढून टाकले आहे, म्हणून तुमचे फोन त्याच्या जागी आलेल्या ‘पीजे-सिप’वर नेले आहेत का हे आधी पाहा.