मॅगझिन बघा, साल कळेल

प्रश्न : 1962 च्या चीन युद्धावरच्या एका चित्रपटात आपले जवान प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (रायफलच्या मागच्या भागातला मूठ असलेला दांडा) मागे ओढतात. दुसऱ्यात तेच जवान नुसता चाप दाबून धडाधड गोळ्या झाडतात. बरोबर कोणतं?
– वाचक, सातारा

उत्तर : पहिलं. 1962 मध्ये आपल्या पायदळाकडे मुख्यतः .303 ली-एनफिल्ड रायफल होती. 7.62 मिमीची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल, पुढची गोळी आपणच भरणारी) त्या युद्धानंतर सैन्यात रुळली. 1965 मध्ये दोन्ही दिसतात, 1971 मध्ये एसएलआर मुख्य. तीही एका चापाला एकच गोळी सोडते, त्यामुळे पायदळाच्या एसएलआरमधून सलग फैर झडताना दिसली तर ती दिग्दर्शकाची हौस समजावी.

पण बोल्टची रायफल दिसली म्हणजे सगळं जमलं, असंही नाही. ईशापूरच्या कारखान्याने 1962 नंतर त्याच घाटाची 7.62 ची रायफल काढली, 2ए1. लांबून ती .303 च वाटते आणि चित्रीकरणात सर्रास तिच्या जागी खपवली जाते. क्लोजअप आला की मॅगझिन (खाली लावलेली गोळ्यांची पेटी) बघा. .303 चं 10 गोळ्यांचं, बूड तिरकं. 2ए1 चं 12 गोळ्यांचं, चौकोनी, बूड सपाट. तेवढ्यावर चोरी पकडता येते.

.303 भरण्याची पद्धतही बघण्यासारखी असते. बोल्ट मागे, पाच गोळ्यांची पत्र्याची पट्टी (चार्जर) वरच्या खाचेत उभी, अंगठ्याने एका दमात खाली, पट्टी बाहेर, मग दुसरी. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही एकमेकींत अडकतात. पडद्यावर ही पट्टी कधी अडकत नाही, कारण बऱ्याचदा भरण्याचा शॉटच कापलेला असतो.

प्रश्न : ब्रेन या हलक्या मशीनगनचं मॅगझिन वर का? समोरचं कसं दिसतं?
– वाचक, बेळगाव

उत्तर : जवान जमिनीला चिकटून झोपतो. तीस गोळ्यांचं लांब मॅगझिन खाली असतं तर ते जमिनीला टेकून बंदूक वर उचलावी लागली असती. वर असल्यामुळे शेजारी पडलेला जोडीदार ते चटकन बदलतो. नेम धरायची साधनं म्हणूनच नळीच्या रेषेवर नाहीत, डावीकडे सरकवलेली आहेत. डोकं मॅगझिनच्या बरोबर मागे ठेवून नेम धरणारा नट दिसला तर समजा, त्याला कुणी शिकवलेलं नाही.

प्रश्न : चित्रीकरणात रिकामी काडतुसं वापरतात, तरी अपघात का होतात?
– वाचक, पुणे

उत्तर : 'रिकामी' या शब्दानेच घोटाळा होतो. या काडतुसात, म्हणजे ब्लँकमध्ये, गोळी नसते, पण दारू असते. टोक चुण्या पाडून मिटवलेलं. जवळून तिची गरम हवा आणि न जळलेले कण डोळा घालवू शकतात, जीवही घेऊ शकतात. म्हणून नेम समोरच्यावर न धरता त्याच्या बाजूला धरतात आणि कॅमेऱ्याचा कोन ते झाकतो. डमीमध्ये गोळी असते, दारू नसते. ती क्लोजअपसाठी.

गोळीच नसल्यामुळे नळीत पुरेसा दाब साठत नाही आणि एसएलआरसारखी वायूवर चालणारी रायफल पुढचं काडतूस भरत नाही. त्यासाठी नळीत बारीक भोकाचं बूच बसवतात. बोल्टच्या रायफलला त्याची गरज नाही.

1993 मध्ये अमेरिकेत ब्रँडन ली या नटाचा जीव गेला तो ब्लँक आणि डमी या दोहोंच्या गाठीमुळे. डमीतली दारू काढली होती, बुडातली, दारू पेटवणारी टोपी मात्र जिवंत राहिली. टोपी उडाली, गोळी नळीत जाऊन रुतली, कुणी पाहिलं नाही. नंतर त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक भरली. तिच्या दाबाने रुतलेली गोळी बाहेर पडली. नळीतून एक सळई आरपार घालून बघायला दहा सेकंदही लागत नाहीत.