करडईचं तेल आणि करडईच्या पाकळ्यांचा चहा यांचे गुण सारखेच का? रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना हा चहा रोज चालेल का?

गुण सारखे नाहीत, आणि वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा रोज घेऊ नका. तेल बियांचं असतं. नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे 70 ते 75 टक्के लिनोलिक आम्ल (तेलातलं एक स्निग्ध आम्ल) आणि सोबत ई जीवनसत्त्व असतं; ओलिक आम्ल जास्त असलेले वाण वेगळे. पाकळ्यांचं रसायन पूर्ण निराळं आहे. त्यांत दोन मुख्य रंगद्रव्यं: लाल कार्थामिन आणि पिवळं हायड्रॉक्सी-सॅफ्लॉर यलो ए. कार्थामिन साध्या पाण्यात फारसं विरघळत नाही (म्हणून रंगारी आधी पिवळा रंग धुऊन काढत आणि मग क्षारात लाल उतरवत), पिवळं मात्र सहज उतरतं. तुमच्या कपात येतं ते मुख्यतः हेच. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) एकत्र चिकटणं कमी करतं आणि सूजही उतरवतं. चिनी वैद्यकात ही फुलं ‘होंगहुआ’ नावाने रक्ताभिसरणासाठी वापरतात ती उगाच नव्हे. गोळीचं काम आणि चहाचं काम एकाच दिशेचं झालं की रक्तस्राव वाढू शकतो. पाळी आणण्यासाठीही ही फुलं पूर्वापार दिली जातात, त्यामुळे गरोदरपणात टाळाच.

फक्त हे लक्षात घ्या की त्या प्रयोगांतले अर्क घट्ट असतात, चिमूटभर पाकळ्यांच्या कपात तेवढी मात्रा नसते. तेव्हा गोळी चालू नसलेल्याने अधूनमधून प्यायला घाबरू नये. भाजीच्या फोडणीतल्या तेलाला यातलं काहीच लागू नाही.