पान्हा फुटणे आणि दूध तयार होणे: दोन संप्रेरकांच्या घडणीतला फरक

सिन्नरहून आपण विचारले आहे की, ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन ही दोन्ही दुधाचीच संप्रेरके (हार्मोन) असतील, तर गाय पान्हा चोरते तेव्हा प्रोलॅक्टिनने काम का भागत नाही. कासेत दूध तयार होणे आणि ते सडात उतरणे या निराळ्या क्रिया आहेत. गोठ्यात आपण दोन्हींना ‘दूध देणे’च म्हणतो, म्हणून हा घोटाळा होतो.

पान्हा सोडवणारे ऑक्सिटोसिन अवघ्या 9 अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनांच्या मूळ घटकांचे, असते. पहिल्या आणि सहाव्या जागेवरील सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधक-अणू एकमेकांना जोडले गेल्याने त्याचे कडे बनते आणि उरलेल्या तिघांची शेपटी बाहेर राहते. केवळ तिसऱ्या आणि आठव्या जागेवरची अमिनो आम्ले बदलली की मूत्रपिंडात पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन होते. घडणीचे महत्त्व पटवून देणारे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. हा चिमुकला रेणू रक्तात काही मिनिटांतच निम्मा होतो. म्हणूनच कास धुतल्यावर मिनिटभरात पान्हा फुटतो, आणि धार काढणारा तेवढ्यात फोनवर बोलत बसला तर तो वायाही जातो.

दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन मात्र 199 अमिनो आम्लांचे, चार मळसूत्री दांड्यांची जुडी बांधावी तसे प्रथिन आहे. त्याला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजू दुग्धपेशीवरील एकेक ग्राही (संप्रेरकाचा संदेश घेणारे प्रथिन) धरते. दोन ग्राही असे जवळ आले की त्यांच्या आतल्या टोकांवरील जॅक-2 हे विकर (एन्झाइम) जागे होते, ते स्टॅट-5 या प्रथिनाला कार्यान्वित करते, आणि स्टॅट-5 पेशीकेंद्रात जाऊन केसीन या दुधातील प्रथिनाची जनुके चालू करते. मानवी प्रोलॅक्टिनमध्ये 129 व्या जागेवरील ग्लायसीनऐवजी आर्जिनीन बसवल्यास दुसरी बाजू निकामी होते. असा रेणू एक ग्राही अडवून बसतो, पण संदेश पोहोचवत नाही, म्हणजे संप्रेरकाचा अवरोधक होतो. जनुकापासून प्रथिन घडायला वेळ लागतो, त्यामुळे धारेच्या वेळी प्रोलॅक्टिन टोचून पान्हा फुटणार नाही. (शिवाय दुभत्या गाईत दूध टिकवण्याचा मोठा भार वाढ-संप्रेरकावर असतो.)

आंबोणातून ऑक्सिटोसिन देण्याबद्दलही आपण विचारले आहे. ही पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, पोटात पचून तुटतात, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत. आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास घातक इंजेक्शन टोचणे हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे. गाय पान्हा का चोरते हे आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. सडाची जखम किंवा धार काढणारा माणूस बदलणे एवढेही कारण पुरते, कारण बिथरलेल्या गाईच्या रक्तातले ॲड्रेनलिन ऑक्सिटोसिनला कासेत काम करू देत नाही.