पानावर बोट ठेवून विचार

अनेक आशीर्वाद.

आकाशवाणीवर लेखकांच्या मुलाखती घ्यायचं काम तुझ्याकडे आलंय आणि पहिली मुलाखत एका कादंबरीकाराची आहे, हे वाचून फार बरं वाटलं. प्रश्न कसे काढायचे असं तू विचारलं आहेस, पण सुरुवात वाचनापासून करावी लागेल.

पुस्तक दोनदा वाच. पहिल्यांदा हातात पेन्सिल न घेता, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर आणि परीक्षणं त्यानंतर. क्रम उलटा झाला की दुसऱ्याचं मत डोक्यात आधी ठाण मांडून बसतं आणि तुझे प्रश्न त्याच वाटेने जातात. दुसऱ्या वाचनात जिथे थबकशील, जिथे कंटाळा येईल, जिथे काळ उडी मारतो किंवा निवेदक बदलतो, ते पान क्रमांक टिपून ठेव. तीनशे पानांच्या कादंबरीत अशा वीसेक जागा सहज निघतात. त्यांतल्या दहा-बारा प्रश्नांच्या कागदावर घे. अर्ध्या तासात सहा-सातच वापरून होतील, पण बोलणं अनपेक्षित दिशेला वळलं की उरलेल्याच कामाला येतात.

‘या कादंबरीची प्रेरणा काय?’ हा प्रश्न लेखकाने प्रकाशन समारंभापासून सगळीकडे ऐकलेला असतो. उत्तर पाठ झालेलं असतं आणि माइकवर ते लगेच ओळखू येतं. आवाज सपाट होतो, वाक्यं घोटून आल्यासारखी येतात. त्याऐवजी समज, तुझ्या टिपणात असं आहे की नवव्या प्रकरणात सासू सुनेशी बोलणं सोडते. मग असं विचार: ‘नवव्या प्रकरणात सासू सुनेशी बोलणं सोडते, आणि त्यानंतर पुस्तक संपेपर्यंत तिच्या तोंडी एकही वाक्य येत नाही. ती गप्प कशी झाली?’ पहिलं वाक्य श्रोत्यासाठी आहे, कारण त्याने पुस्तक वाचलेलं नाही. दुसरं लेखकासाठी आहे आणि ते चार शब्दांचं आहे. लेखकाला कळतं की समोरच्याने खरोखर वाचलंय, आणि तो लिहिण्याच्या टेबलापाशी परत जाऊन बोलू लागतो. ‘ती गप्प कशी झाली, आणि ते तुम्ही आधी ठरवलं होतं का, की तुमच्या घरातलं कुणी डोळ्यांसमोर होतं?’ असं केलंस तर तीन प्रश्न झाले. लेखक सर्वांत सोप्याचं उत्तर देईल आणि बाकीचे दोन हवेत राहतील.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. दलित किंवा भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकाचं आत्मकथन समोर आलं की मुलाखतकार त्याला फक्त सोसण्याबद्दल विचारतात. भूक किती होती, अपमान कसा झाला. ते सगळं त्याने पुस्तकात लिहिलेलं असतं आणि माइकसमोर त्याला पुन्हा तेच सोसायला लावलं जातं. त्याने प्रसंगांचा क्रम कसा लावला, काय गाळलं, निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत का ठेवले, हे विचारायचं मात्र राहून जातं. म्हणजे त्याला साक्षीदार मानलं जातं, लेखक मानलं जात नाही. लेखिकांना विचारला जाणारा ‘घर सांभाळून लिहायला वेळ कसा मिळतो?’ हाही त्याच माळेतला मणी. तुझ्या कागदावर हे प्रश्न नकोत.

बोलीत लिहिणारा लेखक असेल, मालवणी असो, अहिराणी असो की वऱ्हाडी, तर उतारा त्याच्याकडूनच वाचून घे. शब्द अडला तर श्रोता संदर्भाने समजून घेतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ मध्येच सांगत बसलं की लय मोडते. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या नावाबरोबरच घे.

उताऱ्याचं आधीच ठरव. दीडशे-पावणेदोनशे शब्द पुरे, संथ वाचनाला दीड मिनिट लागतं. तीन-चार पात्रांचा संवाद निवडू नकोस. कानाला कोण बोलतंय ते कळत नाही. लेखकाला पुस्तकातून वाचायला लावू नकोस. उतारा मोठ्या टाइपात, कागदाच्या एकाच बाजूला छापून ने. स्टेपल करू नकोस, म्हणजे पान उलटावं लागणार नाही, नुसतं बाजूला सरकवता येईल. कवी असेल तर कविता पूर्ण होऊ दे आणि नंतर दोन सेकंद काहीही बोलू नकोस. ‘वा!’ सुद्धा नाही. उतारा प्रसारित करायला लेखकाची आणि प्रकाशकाची संमती आधीच लेखी घेऊन ठेव.

स्टुडिओत लेखक मुलाखतीच्या अर्धा तास आधी यावा. त्या वेळात पुस्तकावर बोलू नकोस. चांगलं उत्तर तिथेच देऊन झालं तर माइकसमोर ‘मघाशी म्हटलं तसं’ ऐकावं लागतं. प्रवासाबद्दल, पावसापाण्याबद्दल बोल. प्रश्नांची यादी लेखकाने मागितली तर विषय सांग, प्रश्न देऊ नकोस. लिहून आणलेली उत्तरं वाचली गेली की कार्यक्रम संपला.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, ओठांच्या थेट समोर न ठेवता जरा कडेला. प, फ, ब, भ यांचा फटका थेट बसला तर ‘फुप्प’ असा धक्का ध्वनिमुद्रित होतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. दोघांना दोन माइक असतील तर माइकांमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या निदान तिप्पट ठेव. नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरून घुमतो. शक्य असेल तिथे दोन्ही आवाज वेगळ्या ट्रॅकवर घे. आवाजाची पातळी, म्हणजे लेव्हल, ठरवायला लेखकाला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावतात, पण त्या वेळी आवाज असतो तसा नंतर राहत नाही. सकाळी काय खाल्लं ते विचार, म्हणजे खरा आवाज मिळेल. यंत्राच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. रंगात आल्यावर लेखक मोठ्याने हसतो, तिथेच आवाज फाटतो. बांगड्या, किल्ल्या, शर्टाच्या खिशातलं पेन बाहेर ठेवायला सांग.

लेखकाच्या घरी ध्वनिमुद्रण असेल तर पंखा आणि फ्रीज बंद कर, शेजारच्या कुकरच्या शिट्टीसाठी थांब. निघण्याआधी कुणीही न बोलता त्या खोलीची तीस सेकंदांची शांतता मुद्रित कर. संकलनात दोन वाक्यांमधला सांधा त्याच शांततेने भरावा लागतो. फोनवरून मुलाखत घ्यायची वेळ आली तर साध्या कॉलवर आवाजाचा खालचा-वरचा भाग कापला जातो. लेखकाला स्वतःच्या मोबाइलच्या रेकॉर्डरवर वेगळं मुद्रण करून फाइल पाठवायला सांग.

बोलताना ‘हं’, ‘अच्छा’, ‘बरोबर’ हे तोंडातून जातच असतं. त्याऐवजी मान हलव आणि लेखकाच्या डोळ्यांकडे बघ. उत्तर संपलं असं वाटलं तरी मनात तीनपर्यंत मोज. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या थांब्यानंतर येते. दर सात-आठ मिनिटांनी लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव वाक्यात सहज गुंफून घे. रेडिओ मध्येच लावणाऱ्याला कोण बोलतंय हे कळलंच पाहिजे. कादंबरीचा शेवट बाहेर फुटेल असा प्रश्न कागदावर ठेवूच नकोस.

अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात शीर्षकधून आणि निवेदनं वजा जाता बोलण्याला साधारण २८ मिनिटं उरतात. मुद्रण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं कर, त्याहून जास्त नको. लेखक दमतो आणि संकलनात तूही. कापताना आधी तुझे लांबलेले प्रश्न काप. लेखकाचे ‘म्हणजे’, ‘काय झालं की’ सगळे काढू नकोस, ती त्याची बोलण्याची चाल असते. श्वासाच्या मध्ये कात्री लावू नकोस. श्वास पूर्ण ठेव किंवा पूर्ण काढ. आणि उत्तर आखडताना त्याचा अर्थ बदलत नाही ना, हे कापण्याआधीच्या मुद्रणाशी ताडून बघ.

शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी रेडिओ केंद्रावर मुलाखतकार स्टड्स टर्केल १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षं बोलत होते. त्यांच्या मुलाखती इंटरनेटवर मिळतात. लेखकांबरोबरच्या ऐक आणि ते पुस्तकातल्या नेमक्या ओळीवर कसे येतात याकडे लक्ष दे. बीबीसी रेडिओ ४ वर १९९८ पासून जेम्स नॉक्टी यांनी चालवलेला ‘बुकक्लब’ हा कार्यक्रमही ऐक. तिथे लेखक आणि एकच पुस्तक असतं, आणि समोर ते वाचून आलेले वाचक. मराठी रेडिओला तर लेखकांनीच घडवलंय. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगांवकर आकाशवाणीत नोकरीला होते. केंद्राच्या संग्रहात त्या पिढीतल्या लेखकांची जुनी ध्वनिमुद्रणं असतील तर मागून घे. बोलायची मराठी आणि लिहायची मराठी यांतला फरक तिथे कानाला कळेल.

प्रसारणाची तारीख आणि वेळ लेखकाला दोन दिवस आधी कळव. दुसऱ्या वाचनाचं टिपण तयार झालं की पान क्रमांकांसकट मला पाठव, मी पुस्तक शेजारी घेऊन वाचीन.