कोपऱ्यातली सही

सांगली

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

जुन्या सिनेमाच्या भित्तिपत्रकांची तू केलेली यादी वाचली. चित्रपट, वर्ष, नायक, नायिका, दिग्दर्शक असे रकाने तू नीट आखले आहेस. चित्रकाराचा रकाना मात्र कुठेच नाही. तो शेवटी जोडू नकोस, पहिला कर, आणि नाव सापडले नाही तर तो रिकामा ठेव, अंदाजाने भरू नकोस. सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते, पण कधी ती एका माणसाची नसून स्टुडिओची असते, एवढे ध्यानात धर.

यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले, आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’साठी केलेले त्यांचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या भारतीय भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते. त्याच गावचे जी. कांबळे यांनी रंगवलेले शिवाजी महाराजांचे चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. सिनेमाचे प्रचंड फलकही त्याच हाताने रंगवले, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत उमेदवारीच्या काळात हेच काम करीत. त्यांचे नाव दुसऱ्या कामामुळे टिकले. ज्यांनी जन्मभर फलकच रंगवले, त्यांची नावे फलकांबरोबर उतरली.

नावांइतकाच हातही ओळखायला शीक. भित्तिपत्रके रंगवणारे दिवाकर करकरे फोटोवर तैलरंगाचे जाड थर देत आणि ब्रशऐवजी सुरीने फटकारे मारीत, त्यामुळे त्यांच्या नायकाचा चेहरा तासून काढल्यासारखा दिसतो. कॉलेजात असताना एका सुट्टीत मी इथल्या एका पेंटरांच्या हाताखाली होतो. ते स्टिलवर, म्हणजे सिनेमातल्या छापील फोटोवर, एकेक इंचाचे आणि मांजरपाटावर एकेक फुटाचे चौकोन पाडत, आणि मग चौकोनाला चौकोन जुळवून चेहरा मोठा करीत. नायिकेच्या हनुवटीखालची सावली मी मोठ्या कौतुकाने तपकिरी रंगवली, तेव्हा त्यांनी ती चिंधीने पुसली, तिथे चक्क हिरवा रंग फासला आणि मला रस्त्यापलीकडे उभे राहून बघायला लावले. तिथून हिरवा दिसतच नव्हता. हनुवटी तेवढी पुढे आली होती. अक्षरे मात्र ते लिहीत नसत, त्यासाठी दुसरा माणूस यायचा. तेव्हा एखाद्या जुन्या पेंटरांकडे जाशील तर आवडत्या नटाबद्दल विचारू नकोस. रंगात तेल कोणते घालत, अक्षरे कोण लिही, हे विचार. (पहिल्या भेटीत वही काढू नये, असा माझा अनुभव आहे.)

एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन भवानी संग्रहालयातील रविवर्म्याची मूळ चित्रे निवांत पाहा. चेहऱ्यावर उजेड कुठून येतो, हे तिथे कळले की छापील चित्रात काय हरवते, तेही कळेल.

आता जपणुकीचे. टॉकीजकडे पाठवताना भित्तिपत्रके घड्या घालूनच पाठवत, म्हणून कागद घडीवरच आधी फाटतो. त्याला चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर नकोच. आम्लरहित कागदात सपाट ठेव, आणि तळमजल्यावर ठेवू नकोस. हे शेवटचे २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला सांगायला नको.

मी स्वतः एक भित्तिपत्रक सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने प्लायवूडवर डकवले होते. दोन पावसाळ्यांत त्याला फुगे आले, आणि आता ते सोडवू गेले तर रंगासकट निघते. दिवाळीनंतर ये, म्हणजे दाखवतो. त्याची नोंद तुझ्या यादीत करायला हरकत नाही, पण पहिला रकाना रिकामाच ठेवावा लागेल. चौकटीत बसेना म्हणून त्याची खालची दोन बोटे पट्टी मीच कापून टाकली होती.

तुझा,
मास्तर