दोन आठवड्यांच्या सिरॅमिक रेसिडेन्सीत (स्टुडिओत राहून मातीकाम करण्याच्या मुक्कामात) काम कसं आखावं?

शेवटची भट्टी कधी लागणार हे पहिल्याच दिवशी विचारा आणि तिथून उलटं मोजा. ग्लेझची (काचेसारख्या लेपाची) भट्टी तापून निवायला २ दिवस, बिस्कची (लेपाआधीच्या पहिल्या भाजणीची) तेवढेच, मधे ग्लेझ लावायला १. सहा-सात मिलिमीटर जाडीचं भांडं सुकायला ५ दिवस धरा. म्हणजे ओल्या मातीचं काम पहिल्या ४ दिवसांतच उरकायला हवं. मोठं शिल्प इतक्या वेळात काढूच नका.

भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे. तसंच भट्टीत गेलं तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास वाफेने फुटतं आणि तुकडे शेजारच्यांच्या कामात घुसतात.

स्वतःची माती नेणार असाल तर तिचं भाजणीचं तापमान भट्टी सांभाळणाऱ्यांना आधी कळवा. कमी तापमानाची माती १२४० अंशांना वितळून शेल्फला चिकटते.